चौदा रात्रींची वही

आधी वही पाठवतो आम्ही.
चौदा रात्री, पाच रकाने:
तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ,
आणि शेवटचा, सगळ्यात अरुंद,
'तुमच्यावर काय परिणाम झाला'.
त्या बोटभर जागेत लोक काय काय कोंबतात.
कुणी नुसतं 'झोप' लिहितं.
कुणी समासातून चढत जाऊन पानाच्या मागे उतरतं.
एकीने तिथे घटस्फोटाची तारीख लिहिली होती.

बहुतेक वह्या परत येत नाहीत.
त्याला आम्ही म्हणतो, प्रकरण निकाली.

नेटमेकर स्ट्रीट, ग्रिम्सबी.
विल्फ्रेड स्टेबिंग्ज यांची वही मात्र आली,
पट्टीने आखलेली.
दोन चाळीस. दोन बेचाळीस. दोन चाळीस.
'धडधड', मग 'घरघर', एका रात्री
'बंदरातून बोट निघाल्यासारखं'.
आणि परिणामाच्या रकान्यात चौदाही वेळा: 'जागा'.

म्हणून यंत्र घेऊन गेले मी.
भिंतीला कान असतात म्हणतात;
आमचा असतो काळ्या पेटीत, कुलूपबंद,
वायरच्या टोकाला एक बटण.
म्हटलं, आवाज झाला की दाबायचं, बाकी काही नाही.
ट्रॉलरवर बत्तीस वर्षं काढलेल्या त्या हाताने
बटण तोलून पाहिलं, एकदा, दोनदा.
चहा दिला. धुतलेला कप एकच होता, तो मला.

सोमवारी ऑफिसात हेडफोन लावून बसले.
यंत्र थोडं लबाड असतं,
बटणाच्या आधीचाही मिनिटभर राखून ठेवतं.
हे मी त्यांना सांगितलं होतं का? आठवत नाही.
तर आवाजाच्या आधी ऐकू आला
खुर्चीचा करकरणारा पाय,
आणि मग स्टेबिंग्ज, अगदी हळू:
"आली गं. बूट काढतेय.
आता जिना. आता लावेल बघ."
आणि भिंतीपलीकडे खरंच
पाणी भरू लागलं.
तेव्हा कुठे बटणाची टिचकी.

पलीकडे राहते डांगुओले.
दुपारचे बारा वाजलेले, डोळ्यांवर झोप.
माशांच्या कारखान्यातली पाळी रात्री दोनला सुटते,
आठ तास कॉडची कातडी सोलायची.
"वास," ती म्हणाली, "मुलगी जवळ येत नाही वासाने.
ती उठायच्या आत सगळं धुवून टाकते."
वासाचा फॉर्म वेगळा आहे, हे मी बोलले नाही.
मशीनखाली घालायला रबराचे चार तुकडे दिले.
तेवढं आमच्याकडे फुकट मिळतं.

कायद्यात एक 'सर्वसाधारण माणूस' असतो.
त्याला सोसवत नाही तो उपद्रव,
सोसवतो तो शेजार.
सतरा वर्षं त्याच्या वतीने पत्रं लिहितेय,
भेटला नाही कधी.
गाढ झोपत असणार. बहुधा एकटाच.

'नोंदलेला आवाज उपद्रवाच्या व्याख्येत बसत नाही.'
सही, शिक्का, दुसऱ्या वर्गाचं तिकीट.
तक्रारदाराचं खासगी बोलणं पुसायचं असतं, नियम आहे.
पुसलं. गुरुवारचं राहिलंय अजून.

तीन आठवड्यांनी फोन आला.
"रबर घातलंत ना तुम्ही?"
हो, म्हटलं. आवाज कमी झाला का?
"झाला."
मग बराच वेळ काही नाही.
"ती कधी येते ते कळत नाही आता."

नवी तक्रार नोंदवू का, मी विचारलं,
कारण स्क्रीनवर तो प्रश्न येतो.
"नको, नको. सहज विचारलं."
पण फोन ठेवला नाही त्यांनी,
मीही नाही.
त्यांच्या खिडकीबाहेर, की माझ्या,
सीगल कर्कश ओरडत होते.

त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी
आम्ही घेत नाही.